कंपनी एक, ठेकेदार दोन: लोटे परशुरामच्या एका क्यूसी केमिस्टचा नोकरीशोध

उमेदवार आणि परिस्थिती

बी.एस्सी. रसायनशास्त्र, पदवी २०२० ची, वय २६, घर चिपळूण तालुक्यात. लोटे परशुराम एमआयडीसीत औषधांचा मूळ घटक (एपीआय) बनवणाऱ्या एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) लॅबमध्ये ती नोव्हेंबर २०२१ पासून काम करते. टेबल, एचपीएलसी (नमुन्यातले घटक मोजणारं यंत्र), गेटपास, साहेब सगळं कंपनीचं. पगार मात्र ठेकेदाराचा. सप्टेंबर २०२३ अखेर कंपनीने ठेकेदार बदलला. मुलं तीच राहिली, टेबलं तीच राहिली, पगाराच्या स्लिपवरचं नाव तेवढं बदललं. जानेवारी २०२५ मध्ये तिने कंपनी रोलवरची, म्हणजे थेट कंपनीच्या पटावरची, नोकरी शोधायला घेतली आणि ती मिळाली ऑक्टोबरात.

हे कुणा एका मुलीचं चरित्र नाही. लोटे, खेर्डी, महाड या पट्ट्यात ठेकेदारीवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला वारंवार येणाऱ्या गोष्टी एका उमेदवाराच्या रूपात एकत्र मांडल्या आहेत. पगाराचे आकडे नमुन्याचे आहेत. पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कराचे दर व नियम खरे आहेत.

अर्ज जातात, फोन येत नाही

पहिले तीन महिने तिने नोकरीच्या पोर्टलवर रोज अर्ज टाकले. प्रत्येकापुढे ‘अप्लाइड’ उमटायचं आणि तिथेच थांबायचं. घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला: वशिला लागतो. वशिला कुठे कुठे लागतोही, पण इथे गाडी त्याच्या बरीच अलीकडे अडली होती.

आलेले अर्ज एकेक उघडून वाचणारा रिक्रूटर विरळा. तो पोर्टलच्या साठ्यात शोध घेतो: ‘एचपीएलसी’, ‘एपीआय’, ‘क्यूसी’ असे शब्द, अनुभव २ ते ५ वर्षं, ठिकाण, सध्याचा सीटीसी (मालकाला वर्षाला पडणारा पगाराचा एकूण खर्च), नोटीस पिरियड आणि उमेदवार शेवटचा कधी लॉगिन झाला. या चाळणीतून खाली उरलेली वरची काही नावं तो फोनवर घेतो. बाकीच्यांना ‘नाही’ कळवायचं काम कुणाचंच नसतं.

तिची सीव्ही या चाळणीत चार ठिकाणी अडकत होती.

पहिलं, सीव्हीचा साचा. मोबाइलवरच्या डिझाइन ॲपमध्ये केलेली, दोन रकान्यांची, डावीकडे फोटो आणि कौशल्यांच्या रंगीत पट्ट्या. पोर्टलचं सॉफ्टवेअर पीडीएफमधला मजकूर उपसून घेतं तेव्हा दोन रकाने आडवे एकमेकांत मिसळू शकतात आणि ‘एचपीएलसी ८०%’ ही पट्टी चित्र असेल तर तिथला शब्दच सापडत नाही. तपासणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे दिसेल तेवढंच यंत्राला दिसतं. तिच्या बाबतीत कंपनीचं नाव छंदांच्या ओळीत जाऊन बसलं होतं.

दुसरं, ठिकाण. पोर्टलच्या यादीत ‘लोटे’ सापडेना, म्हणून तिने तालुका निवडला: खेड. खेड तालुका रत्नागिरी जिल्ह्यात आहे तसा पुणे जिल्ह्यातही आहे, राजगुरुनगरचा. तिच्या प्रोफाइलवर ठिकाण आलं पुणे. महाड-चिपळूण पट्ट्यात शोधणाऱ्याला ती दिसत नव्हती, आणि पुण्याहून फोन करणाऱ्याला ‘मी चिपळूणला असते’ हे ऐकून घोळ वाटायचा. उपाय म्हणून ठिकाण ‘रत्नागिरी’ केलं, ‘काम करायची तयारी’ या रकान्यात महाड, रोहा, तारापूर-बोईसर, तळोजा घातले आणि सीव्हीच्या मजकुरात ‘लोटे परशुराम’ इंग्रजीत प्रचलित असलेल्या दोन्ही स्पेलिंगांनी एकेकदा आणलं.

तिसरं, शब्द. तिने लिहिलं होतं, ‘विविध उपकरणांची हाताळणी’. असं कुणी शोधत नाही. शोधतात ते उपकरणाची जात, मेक आणि सॉफ्टवेअर: वॉटर्सची एचपीएलसी, एम्पॉवर, शिमाझूची जीसी, लॅबसोल्युशन्स, कार्ल फिशर, पोटेन्शिओमीटर. त्यापुढे काय तपासलं तेही हवं: कच्चा माल, इन-प्रोसेस, तयार माल, स्टॅबिलिटी. ओओएस तपासात (निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर होणाऱ्या) भाग घेतला असेल तर ती एक ओळ पाच विशेषणांच्या वरची.

चौथं कारण सीव्हीत नव्हतंच. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३. लॅबमध्ये मोबाइल न्यायला बंदी, फोन लॉकरमध्ये. रिक्रूटर फोन करतो तो सकाळी ११ ते दुपारी २ मध्ये. एकदा करतो, उचलला नाही की ‘नॉट रीचेबल’ अशी खूण करून पुढच्या नावाकडे वळतो. तीनला सुटून बसमध्ये बसेपर्यंत आणि परशुराम घाटातून जाणारं-येणारं नेटवर्क सांभाळत उलट फोन लावेपर्यंत तिकडे कॉल सेंटरचा नंबर लागतो, जो कुणी उचलत नाही. सीव्हीच्या माथ्यावर नंबराखाली एक ओळ घातली: ‘दुपारी ३.३० नंतर फोन; एरवी व्हॉट्सॲपवर निरोप ठेवावा.’ सोबत पोर्टलवर दर दोन-तीन दिवसांनी प्रोफाइलमध्ये एखादा शब्द बदलून सेव्ह करायचं ठरवलं, म्हणजे ‘अलीकडे सक्रिय’ या चाळणीत नाव वर राहतं. हा उद्योग हास्यास्पद आहे, पण चालतो.

एप्रिलपासून फोन येऊ लागले.

सीटीसीचा रकाना

फोनवरचा पहिला प्रश्न कामाचा नसतो. ‘करंट किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस किती?’ तिने पोर्टलवर करंट सीटीसी १.८४ लाख लिहिला होता. हातात येणारे ₹१५,३७२ गुणिले १२. बहुतेक मुलं असंच करतात, आणि इथे जे नुकसान होतं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिची स्लिप अशी: मूळ वेतन व महागाई भत्ता ₹१२,५००, घरभाडे व इतर ₹४,५००, एकूण ₹१७,०००. कपात पीएफ १२ टक्के म्हणजे ₹१,५००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ₹१२८. व्यवसाय कर शून्य, कारण महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना ₹२५,००० पर्यंत तो माफ आहे (याच स्लिपवर मुलाचे ₹२०० गेले असते). हाती ₹१५,३७२.

सीटीसी म्हणजे मालकाला पडणारा खर्च. त्यात एकूण पगार ₹१७,०००, मालकाचा पीएफ ₹१,५००, मालकाचा ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ₹५५३ आणि ८.३३ टक्के दराने बोनसचे महिन्याला ₹१,०४१ धरायचे. बेरीज ₹२०,०९४; वर्षाला ₹२,४१,१२८.

आता रिक्रूटर म्हणतो, ‘आम्ही करंटवर ३० टक्के वाढ देतो.’ १.८४ लाखांवर ३० टक्के वाढ म्हणजे साधारण २.४० लाख, आणि हा आकडा तो सीटीसी म्हणून देतो. म्हणजे ३० टक्के वाढ घेऊन ती होती तिथेच, किंबहुना हजारभराने खाली. बरोबर रकाना भरला असता तर तीच ३० टक्के वाढ ३.१३ लाखांवर गेली असती. यात फसवणूक कुणीच केलेली नाही, म्हणून तक्रारही कुठे करता येत नाही. ऑफर हाती आली की पहिल्या पानावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून शेवटचा पगाराचा तक्ता आधी वाचावा. त्यात ‘व्हेरिएबल’ किंवा ‘रिटेन्शन’ किती, ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली आहे का आणि कंपनी बस व कँटीनची कपात किती, एवढं बघून हातात किती येणार ते स्वतः मांडावं. घर सोडून खोली करायची असेल तर हिशेब त्या आकड्यावरच होतो.

कन्सल्टन्सी पैसे कुणाकडून घेते

एप्रिल ते जूनमध्ये आलेले बहुतेक फोन कन्सल्टन्सींचे होते. त्यांचं वागणं समजून घ्यायचं तर पैसा कुठून येतो ते बघावं. फी कंपनी देते, बहुधा वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी, तीही उमेदवार रुजू झाल्यावर. आणि तो ठरावीक मुदतीत, बहुधा ९० दिवसांत, सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. त्यामुळे निवड होण्याची शक्यता आहे तोवर दिवसाला चार फोन, आणि नाव गळलं की पूर्ण शांतता. गळलेल्या उमेदवाराला कारण सांगण्यात कन्सल्टंटचा वेळ जातो, रुपया येत नाही. शिवाय कंपनीने कारण त्यालाही सांगितलेलं नसतं. राग येणं साहजिक आहे, पण त्या शांततेचा अर्थ ‘आपण नालायक’ असा लावण्यात काही हशील नाही.

खरं नुकसान झालं ते दुहेरी पाठवणीत. एका कन्सल्टंटने ‘तारापूरची नामांकित एपीआय कंपनी’ म्हणून सीव्ही घेतली. आठ दिवसांनी दुसऱ्याने ‘बोईसर लोकेशन, अर्जंट’ म्हणून घेतली. कंपनी एकच. अशा वेळी ज्याची सीव्ही आधी आली त्याच्या नावावर उमेदवाराची नोंद होते, पुढे काही महिने ती त्याचीच धरतात. दुसऱ्यानेही हक्क सांगितला की एचआरला फीचा वाद नको असतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उमेदवार बाद. तिला हे दोन महिन्यांनी, तेही बोलता बोलता कळलं.

कंपनीचं नाव विचारलं तर कन्सल्टंट देत नाही, कारण उमेदवार थेट अर्ज करील ही भीती. त्यावर चांगली चालणारी युक्ती अशी: नाव विचारूच नये. गेल्या सहा महिन्यांत सीव्ही गेलेल्या कंपन्यांची यादी आपणच त्याला व्हॉट्सॲपवर पाठवावी आणि विचारावं, ‘तुमची कंपनी यात आहे का, एवढंच सांगा.’ खरा धंदा करणारा लगेच सांगतो, कारण दुहेरी पाठवणीत त्याचंही काम फुकट जातं. टाळाटाळ करणारा सीव्ही गोळा करणारा असतो. मग यादी ठेवायला एक साधा तक्ता लागतो: तारीख, कुणामार्फत, कंपनी, प्लँटचं ठिकाण, सांगितलेला सीटीसी. शेवटचा रकाना विशेष महत्त्वाचा, एकाला २.४ आणि दुसऱ्याला २.८ सांगितलं की दोन्ही आकडे एकाच एचआरच्या टेबलावर भेटतात.

याच काळात पैसे मागणारा फोनही आला. मोठ्या कंपनीच्या नावाचं लेटरहेड, निवड झाल्याचं पत्र, ‘रिफंडेबल’ ₹१,८५० आधी भरा. मुलाखत न घेता निवड, मेलचा पत्ता फुकट सेवेवरचा, आणि पैसे भरायला व्यक्तीच्या नावाचा यूपीआय. यातली एकही खूण पुरेशी आहे. पत्रावर सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) असेल तर तो २१ अक्षर-अंकांचा असतो आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. पण खऱ्या कंपनीचा खरा सीआयएन चोरूनही छापतात, म्हणून तो जुळला याचा अर्थ पत्र खरं असा नव्हे. खात्री हवी तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर आपण शोधून फोन करावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, लगेच, त्याच तासात. पुढच्या खात्यातून रक्कम काढली जायच्या आत थांबवता आली तरच ती परत यायची आशा. तिने पैसे भरले नाहीत.

तारापूरची मुलाखत

जुलैअखेर तारापूरच्या दुसऱ्या एका कंपनीकडून थेट बोलावणं आलं. आधी रेकॉर्ड करून पाठवायची व्हिडिओ मुलाखत: स्क्रीनवर प्रश्न, उत्तराला दीड मिनिट, समोर माणूस नाही. लिंक ४८ तासांत संपणार. गावात रात्रीच्या पावसात अपलोड अर्ध्यावर अडकलं. दुसऱ्या दिवशी चिपळुणात नातेवाइकांच्या वायफायवर झालं. अशा वेळी अडकलेल्या स्क्रीनचा वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून त्याच मिनिटाला एचआरला मेल करावा. मुदत वाढवून मागायला तोच पुरावा.

मग प्लँटवर प्रत्यक्ष मुलाखत, सकाळी १० वाजता. गुरुग्रामला बसलेल्या रिक्रूटरला चिपळूण आणि बोईसर दोन्ही महाराष्ट्रात दिसतात. चिपळूणहून दिवा, दिव्याहून वसई रोड, तिथून बोईसर: आदल्या दिवशी निघाल्याशिवाय दहाला पोचता येत नाही, म्हणजे दोन दिवसांची रजा आणि ठेकेदारीवर ती बिनपगारी. दुपारी २ ची वेळ मागावी. बहुतेक प्लँट देतात, फक्त मागणारे थोडे.

मुलाखतीत क्यूसी मॅनेजरने कागद पुढे सरकवला आणि पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशरचा फॅक्टर, म्हणजे एक मिलि रिएजंट किती मिलिग्रॅम पाण्याला पुरतं ते, काढायला सांगितलं. डायसोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट १५० मिलिग्रॅम, बुरेट रीडिंग ४.७० मिलि. टार्ट्रेटमध्ये पाणी १५.६६ टक्के, म्हणून १५० गुणिले ०.१५६६ म्हणजे २३.४९ मिलिग्रॅम पाणी, भागिले ४.७०, फॅक्टर जवळपास ५.० मिलिग्रॅम प्रति मिलि. रोज करणाऱ्याला हे मिनिटाचं काम. पुढचा प्रश्न अधिक मार्मिक होता: फॅक्टर ४.२ आला तर? रिएजंट जुनं किंवा भांड्यात हवेतला ओलावा शिरतोय; टार्ट्रेट पूर्ण विरघळलं नाही किंवा सांडलं तर फॅक्टर उलट वर जातो. तिने ड्रायिंग ट्यूबमधली सिलिका बदलण्यापासून सुरुवात केली. निवड तिथेच झाली असावी. कामाच्या माणसाने कामाचे प्रश्न विचारले की निकाल लवकर लागतो. गोंधळ त्याच्या आधी आणि नंतर असतो.

ऑगस्टच्या मध्यात ऑफर आली. कंपनी रोल, ३.०५ लाख, जॉइनिंग १ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी गौरीपूजन होतं. तिने ४ सप्टेंबर मागितली. पलीकडून प्रश्न आला, ‘आर यू रिअली इंटरेस्टेड?’ कोकणातल्या उमेदवाराबद्दल ‘हे गणपतीला पळतात’ असा एक ठसा एचआरमध्ये आहेच. तारीख मान्य करताना कॅलेंडर आधी बघावं आणि कारण एका ओळीत, न अजीजी करता लिहावं. सणाची रजा मागणं आणि नोकरीत रस नसणं यात फरक आहे हे पुण्या-मुंबईच्या एचआरला तरी समजतं. तारीख ४ झाली.

गाडी पीएफवर अडली

रुजू होण्याआधी पार्श्वभूमी तपासणी. फॉर्ममध्ये ‘सध्याचा नियोक्ता’ या रकान्यात तिने कारखान्याचं नाव लिहिलं, कारण सीव्हीतही तेच होतं. तपासणाऱ्या एजन्सीने तीन गोष्टी केल्या. कारखान्याच्या एचआरला मेल केला. उत्तर आलं, ‘सदर व्यक्ती आमच्या रोलवर नाही.’ ते खरंच होतं. यूएएनची (पीएफच्या कायम क्रमांकाची) सर्व्हिस हिस्टरी पाहिली. तिथे कारखान्याचं नावच नाही, दोन ठेकेदारांची नावं. आणि पहिल्या ठेकेदाराने बाहेर पडल्याची तारीख भरलीच नव्हती, त्यामुळे ती नोव्हेंबर २०२१ पासून आजवर त्याच्याकडे आणि ऑक्टोबर २०२३ पासून दुसऱ्याकडे, अशी एकाच वेळी दोन नोकऱ्या करताना दिसत होती. अहवालात दोन शेरे: ‘नियोक्ता जुळत नाही’, ‘दुहेरी नोकरी’. २९ ऑगस्टला मेल: जॉइनिंग होल्ड.

इथे सर्वत्र एकच सल्ला मिळतो: सदस्य पोर्टलवर जा, ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ करा. सोय आहे. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील आणि आधार जोडलेलं असेल तर ओटीपीवर सदस्य स्वतः तारीख भरू शकतो. पण तारीख भरता येते ती शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली. तिने आधी पासबुक उघडलं हे बरं झालं. पहिल्या ठेकेदाराची शेवटची वर्गणी जुलै २०२३ ची होती. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या स्लिपवर ₹१,५०० कापलेले, पासबुकात दोन्ही महिने कोरे. म्हणजे ‘मार्क एक्झिट’ केलं असतं तर बाहेर पडल्याची तारीख जास्तीत जास्त ३१ जुलै २०२३ झाली असती. दुहेरी नोकरीचा शेरा गेला असता आणि त्याजागी सीव्हीशी न जुळणारी दोन महिन्यांची पोकळी आली असती. वर एकदा भरलेली तारीख दुरुस्त करायला जॉइंट डिक्लरेशनचा (नोंद सुधारण्याच्या अर्जाचा) खटाटोप करावा लागतो. घाईत बटण दाबून पुढे वर्षभर अडकलेले लोक कमी नाहीत.

तिने तारीख भरली नाही. कागद जमवले: दोन्ही ठेकेदारांच्या पगाराच्या स्लिपा, नोव्हेंबर २०२१ पासूनचं बँक स्टेटमेंट (पगार जमा झालेल्या ओळी अधोरेखित), ईएसआयची नोंद, कारखान्याच्या गेटपासचा फोटो आणि पीएफचं पासबुक. पहिल्या ठेकेदाराने नियुक्तिपत्र दिलंच नव्हतं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांत नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं आहे. २०२३ मध्येच ठेकेदार बदललेल्या माणसाला त्या जुन्या पत्रासाठी त्याचा उपयोग नाही. गेटपास नोकरी सोडताना जमा करावा लागतो, म्हणून फोटो आधीच काढून ठेवावा. मात्र लॅबमधली वही, क्रोमॅटोग्राम, बॅच रेकॉर्ड यांचे फोटो अनुभवाचा पुरावा म्हणून कधीही नेऊ नयेत. पुढची कंपनी ते बघून खूश होत नाही, सावध होते. एजन्सी यूएएनचा ओटीपी मागत असेल तर तो फोनवर सांगू नये. सर्व्हिस हिस्टरी आणि पासबुक स्वतः डाउनलोड करून पाठवावं.

सगळं एका पानाच्या खुलाशासह गेलं. उत्तर आलं नाही. १६ सप्टेंबरला यंत्राने पाठवलेला मेल: पद भरलं गेलं आहे.

तिने राजीनामा दिला नव्हता, म्हणून हातची नोकरी राहिली. कंपन्या ऑफरबरोबर राजीनाम्याची पोच मागतात तेव्हा पंचाईत होते; पण ठेकेदारीवर नोटीस १५ दिवसांची किंवा तोंडीच असते, त्यामुळे ‘तपासणी पूर्ण झाल्याचा मेल आला की त्याच दिवशी राजीनामा देते, १५ दिवसांत रुजू होते’ असं लेखी कळवता येतं. ज्यांची नोटीस ६० दिवसांची आहे त्यांना ही मोकळीक नाही.

चिपळुणातला वॉक-इन

२१ सप्टेंबरच्या रविवारी महाडच्या एका कंपनीने चिपळुणातल्या हॉटेलात वॉक-इन, म्हणजे थेट येऊन द्यायची मुलाखत, ठेवला. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती, त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा कमी. औषध आणि रसायन कंपन्या असे रविवार घेतात आणि कोकणातल्या उमेदवाराला पोर्टलपेक्षा ते कितीतरी सोयीचे, कारण क्यूसीचा माणूस आणि एचआर शेजारी शेजारी बसलेले असतात.

यावेळी सीव्हीत ओळ बदलली होती. ‘क्यूसी केमिस्ट’, पुढे कारखान्याचं नाव, लोटे परशुराम. त्याखाली ‘पहिल्या ठेकेदारामार्फत नोव्हेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२३, दुसऱ्या ठेकेदारामार्फत ऑक्टोबर २०२३ पासून’, दोघांची नावं पीएफमध्ये आहेत तशीच. ‘ठेकेदार लिहिला की रिक्रूटर ऑफ-रोल म्हणून टाळतात’ असं सांगणारे भेटतात आणि ते अगदी चूक नाहीत. काही फोन जातात. पण आलेली ऑफर टिकते.

एचआरने पासबुक पाहून विचारलं, दोन महिने कोरे का? तिने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२३ च्या स्लिपा आणि बँकेच्या त्याच दोन ओळी पुढे केल्या. तो म्हणाला, ‘अहो, लोट्याची निम्मी मुलं हेच घेऊन येतात,’ आणि फाइलवर शेरा मारला. तारापूरला तीन आठवडे जे वाचलं गेलं नाही ते टेबलावर पाच मिनिटांत संपलं. कागद तेच होते. करंट सीटीसीच्या रकान्यात यावेळी २.४१ होतं, ऑफर २.९५ लाखांची आली, तारापूरपेक्षा थोडी कमी, पण महाडला बिरवाडीत खोली करून महिन्यातून दोनदा घरी येता येतं. १३ ऑक्टोबरला ती रुजू झाली. पदवीचं मूळ प्रमाणपत्र २२ जुलै २०२१ च्या पुरात भिजलेलं, अक्षरं फुटलेलं. ते तसंच दाखवलं आणि विद्यापीठाकडून दुसरी प्रत आणायला तीन महिन्यांची मुदत लिहून घेतली. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं.

कोऱ्या दोन महिन्यांची तक्रार तिने ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर टाकली आहे. पहिल्या मसुद्यात फक्त ठेकेदाराचं नाव होतं. २०२३ मध्ये लागू असलेल्या पीएफ योजनेच्या परिच्छेद ३० नुसार ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारांची वर्गणी भरण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे कारखान्याची होती, आणि तेव्हाच्या पीएफ कायद्याच्या कलम ८अ प्रमाणे तो ती ठेकेदाराकडून वसूल करू शकत होता. म्हणून तक्रारीत कारखान्याचं नाव मुख्य मालक म्हणून घातलं, दोन स्लिपा, गेटपासचा फोटो आणि पासबुकाचं ते पान जोडलं, आणि प्रत कारखान्याच्या एचआरला मेलने पाठवली. ठेकेदाराचा फोन अजून बंद आहे. एचआरकडून मात्र आठवड्याभरात विचारणा आली: कुठले दोन महिने, आणि तुमच्याबरोबर अजून किती जण होते?